दोन लाख द्यायला ट्रस्टचं काय जातं?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची बैठक होती. संध्याकाळी तिथे तीस-पस्तीस शाळकरी मुलं अभ्यासाला बसतात. मुंबईच्या एका मोठ्या ट्रस्टकडे आम्ही दोन लाखांसाठी अर्ज केला होता आणि त्याचं उत्तर दोन ओळींत आलं होतं: आपलं कार्य स्तुत्य आहे, परंतु यंदा मदत करणं शक्य नाही. अध्यक्ष गुरुजींनी पत्र वाचलं, घडी घातली. मागच्या बाकावरून आवाज आला, "इतले कोटी आसात तांचेकडेन. आमकां दोन लाख दिवपाक तांचें कितें वता?"

मी या वाचनालयाची खजिनदार. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, तरी त्या दिवशी मला या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही. प्रश्न रास्त होता. गोव्यात गावोगाव अशा संस्था आहेत: कुठे विशेष मुलांची शाळा, कुठे एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं दुपारचं केंद्र, कुठे नाट्यमंडळ. चार-पाच माणसं पदरमोड करून त्या चालवतात. त्यातच १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, पाठ झालेले कलमांचे क्रमांक बदलले आणि गोंधळात भर पडली. म्हणून जे मला उशिरा कळलं ते इथे सलग मांडते. कला व संस्कृती संचालनालय किंवा समाजकल्याण खात्याकडून मिळतं ते सरकारी अनुदान. त्याची वाट वेगळी. इथे बोलायचं आहे ते खासगी धर्मादाय ट्रस्ट आणि कंपन्यांकडून येणाऱ्या पैशाबद्दल, ज्याला आपण सगळे सरसकट 'ग्रँट' म्हणतो.

## तो पैसा नक्की कोणाचा?

ट्रस्ट म्हणजे श्रीमंत माणसाचा खिसा, असं आपण धरून चालतो. तिथेच पहिली चूक होते.

कोणीतरी आपली मालमत्ता बाजूला काढतो, ती कशासाठी वापरायची ते एका दस्तात लिहितो आणि सांभाळायला माणसं नेमतो. ती माणसं म्हणजे विश्वस्त. त्या क्षणापासून पैसा देणाऱ्याचा राहत नाही आणि विश्वस्तांचाही होत नाही. तो दस्तात लिहिलेल्या कामाचा होतो. आपल्या देवस्थानाचं उदाहरण घ्या. देवळाच्या कुळागराचं, म्हणजे बागायतीचं, उत्पन्न महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांच्या, हातात असतं, पण शेजाऱ्याचं छप्पर उडालं म्हणून ते देवळाच्या पेटीतून परस्पर पैसे काढून देऊ शकत नाहीत. शेजारी कितीही गरजू असो. १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीप्रमाणे त्यांना मामलेदारापुढे हिशेब ठेवावा लागतो. मोठ्या ट्रस्टचे विश्वस्तही असेच बांधलेले असतात.

म्हणून ट्रस्टकडे किती कोटी आहेत हे विचारण्याआधी ते कशासाठी आहेत हे विचारावं. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ मध्ये सुरू झालं ते भारतीय विद्यार्थ्यांना परदेशात उच्च शिक्षण घेता यावं यासाठी. तिथे सत्तरीच्या वाचनालयाचा अर्ज कितीही कळकळीने लिहिला तरी उपयोग नाही, आणि त्यात कोणाचा अपमान नाही. आमचं तेच झालं होतं. ज्या ट्रस्टकडे आम्ही गेलो त्यांचा भर आरोग्यावर होता. त्यांच्या संकेतस्थळावर ते स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

## मग त्यांना पैसे साठवून ठेवता येतात का?

साधा नियम असा: करमाफी हवी असेल तर ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या उद्दिष्टासाठी खर्च करायला हवेत. उरलेले १५ टक्के राखून ठेवता येतात. म्हणजे ट्रस्टला पैसे खर्च करावेच लागतात.

पण इथे एक बदल झाला, जो लहान संस्थांना थेट लागतो आणि ज्याची चर्चा फारशी होत नाही. समजा एका ट्रस्टने १०० रुपयांतले १५ ठेवून ८५ दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने त्यातले १५ टक्के ठेवून पुढे तिसऱ्याला दिले, तर तिसऱ्याच्या हातात सव्वाबहात्तर रुपयेच पडतात. प्रत्येक घागर थोडं पाणी ठेवून घेते आणि झाडापर्यंत कमी पोहोचतं. हे थांबवायला २०२३ च्या वित्त कायद्याने ठरवलं की एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला १०० रुपये दिले तर त्यातले ८५च 'खर्च झाले' असे धरायचे. कॉर्पस म्हणून, म्हणजे ज्याला हात न लावता फक्त व्याज वापरायचं अशा कायम निधीसाठी दिले, तर त्यातलं काहीच धरलं जात नाही. तो नियम आधीपासूनचा आहे.

हेतू चांगला आहे. पण परिणाम पाहा. मोठ्या ट्रस्टने स्वतः वाचनालय चालवलं तर १०० चे १०० खर्चात धरले जातात. आमच्या वाचनालयाला दिले तर ८५. हिशेबनीस विश्वस्तांना काय सुचवेल? स्वतःचाच प्रकल्प काढा. आणि इमारतीसाठी कायम निधी द्या असं गावाने कितीही विनवलं तरी ते का टाळलं जातं, हेही यातून कळतं.

## कोणते कागद, आणि ते कशाचे?

इंटरनेटवर मराठीत शोधलं की बहुतेक माहिती महाराष्ट्राची मिळते. तिथे सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा वेगळा कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तो कायदा गोव्याला लागू नाही. आपल्याकडच्या लहान संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे नोंदलेल्या असतात. तेव्हा अर्जात 'धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक' असा रकाना आला तर घाबरू नका, आपलं प्रमाणपत्र कोणतं ते लिहा.

पुढची दोन नावं, आयकर खात्याकडच्या दोन नोंदण्यांची, सगळे एकत्र उच्चारतात आणि सगळे त्यांची गल्लत करतात: १२ए आणि ८०जी. १२ए तुमच्या घागरीसाठी आहे, संस्थेच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून. ८०जी देणाऱ्यासाठी आहे. त्याला देणगीच्या साधारण निम्म्या रकमेवर वजावट मिळते, तीही ठरावीक मर्यादेत. रोख दिलेल्या २,००० रुपयांहून मोठ्या देणगीला ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला तर नाहीच. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले तरी लोकांच्या तोंडी अजून हीच नावं आहेत.

२०२१ पर्यंत या नोंदण्या एकदा मिळाल्या की कायमच्या असत. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून त्यांना मुदत आली: नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती, मग पाच वर्षांची. २०२५ च्या वित्त कायद्याने, ज्यांचं उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींपर्यंत आहे अशा लहान संस्थांची १२ए नोंदणी दहा वर्षांची केली. ही मोठी सोय आहे. तरीही तुमच्या दाखल्यावर छापलेली तारीख आज काढून पाहा. जुन्या फायलीत 'कायमस्वरूपी' असं वाचून निर्धास्त बसलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत.

८०जी असेल तर वर्षभराच्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला ऑनलाइन द्यावी लागते. ती दिली नाही तर आपल्या हातच्या पावतीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही, आणि तो माणूस पुढच्या वर्षी फिरकत नाही.

## 'काम केलं तर पैसे, पण पैशांशिवाय काम कसं?'

बहुतेक देणारे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतात. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्याच्या, निधीसाठी तर बाहेरच्या संस्थेकडे तीन वर्षांचा अनुभव हवा, हा नियमच आहे.

नव्या संस्थेला हे अन्यायाचं वाटतं. पण या तीन वर्षांत लाखोंची उलाढाल दाखवा असं तिथे म्हटलेलं नाही. दीडशे घरांनी दिलेली शंभर-शंभर रुपयांची वर्गणी, तिची क्रमाने फाडलेली पावती, बँकेत भरलेली रक्कम आणि सीएची सही, एवढ्यातून देणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. गाव या कामाला आपलं मानतं आणि इथे पैसा मोजला जातो. जत्रेची वर्गणी आपण किती काटेकोरपणे गोळा करतो! तीच वही वाचनालयाची.

## कंपन्यांचा पैसा

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा सक्तीचा खर्च. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम ठरवून दिलेल्या विषयांवर खर्च करायची. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, वारसा आणि सार्वजनिक ग्रंथालयंही त्या यादीत आहेत. पैसे घेणाऱ्या संस्थेला १२ए, ८०जी आणि 'सीएसआर-१' नावाची नोंदणी लागते.

कायदा म्हणतो, आपल्या परिसराला प्राधान्य द्या. वेर्ण्याच्या कारखान्याचा परिसर सासष्टी आणि मुरगाव. सत्तरी, सांगे, काणकोण यांच्या शेजारी तसे कारखाने किती? खाणपट्ट्यातल्या गावांना एकेकाळी शाळेच्या बाकांपासून जत्रेच्या मंडपापर्यंत सगळ्याला खाणमालकाकडून मदत येई. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. ज्या संस्था एकाच दारावर उभ्या होत्या त्यांचे हाल आम्ही जवळून पाहिले.

वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, कारण वेगवेगळे समाज आपापला पार, म्हणजे भजनाची मिरवणूक, घेऊन येतात. एकाच मंडळावर भार टाकला असता तर मध्यरात्रीच आवाज बसला असता. संस्थेच्या उत्पन्नाचेही असे तीन-चार पार असावेत: थोडी वर्गणी, थोडं सरकारी अनुदान, एखादा ट्रस्ट, एखादी कंपनी.

## लंडनच्या भाच्याने पाठवलेले पैसे

हा भाग गोवेकरांनी दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे, कारण देशात इतरत्र हा प्रश्न इतका घरोघरी नाही.

आपल्या घरातली मुलं पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली. गावची ओढ असते. चार मित्र मिळून वाचनालयाला पन्नास हजार पाठवतो म्हणतात. मन भरून येतं. पण ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं तो कायद्याच्या नजरेत परदेशी आहे, त्याच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं, कार्ड असलं तरी. त्याने संस्थेला दिलेला पैसा ही परदेशी देणगी, आणि ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. रक्कम लहान आहे म्हणून सूट नाही. इथल्या मावशीच्या खात्यावर पाठवून तिच्या नावे पावती फाडणं हा तर सरळ नियमभंग.

उलट, गावचा तारवटी वर्षातले नऊ महिने बोटीवर असला, पण भारतीय पासपोर्टवर असला, तर त्याने आपल्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. आखातात नोकरी करणाऱ्याचंही तसंच. पैसा कुठून आला यापेक्षा देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे, हे इथे महत्त्वाचं. म्हणून आम्ही आता पावतीपुस्तकात नागरिकत्वाचा रकाना छापला आहे. पहिल्यांदा तो भरून घेताना फार अवघड वाटलं. ज्याला कडेवर खेळवलं त्यालाच विचारायचं, तू भारतीय आहेस ना?

एफसीआरए नोंदणी आमच्यासारख्यांना जवळजवळ अशक्य. तीन वर्षांचं अस्तित्व हवं आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. ती मिळाली तरी परदेशी पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आणि सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने आणखी एक वाट बंद झाली. पूर्वी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशातून पैसे घेऊन गावोगावच्या लहान नोंदणीकृत संस्थांना वाटू शकत असे. आता घेतलेला पैसा दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही. या बदलांना दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये फेटाळलं.

## बांधाला पैसे कोण देणार?

आता आमच्या नाकारलेल्या अर्जाकडे येते. विषय चुकला होताच, पण त्या ट्रस्टचा विषय ग्रंथालय असता तरीही तो अर्ज पडला असता असं मला वाटतं. अर्जातल्या अंदाजपत्रकात एकच ओळ होती: पुस्तके, रुपये २,००,०००.

खाजनाची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. मांडवी-झुआरीच्या काठी खाऱ्या पाण्याला बांध घालून, त्यात मानस म्हणजे पाण्याचं दार बसवून आत भात पिकवतात. पाहणाऱ्याला हिरवंगार शेत दिसतं. बांधाला खेकड्याने पाडलेलं भोक कोणी बघत नाही. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि एका रात्रीत गेलेलं शेत पुन्हा पिकायला वर्षं लागतात. म्हणून जुने लोक पिकाआधी बांधाची वर्गणी काढत.

संस्थेचा बांध म्हणजे हिशेब लिहिणारा माणूस, लेखापरीक्षण, वीज, झाडलोट, संध्याकाळी दार उघडून बसणारी बाई. याला प्रशासकीय खर्च म्हणतात आणि त्याबद्दल विनाकारण लाज बाळगली जाते. 'तुमचा सगळा पैसा थेट मुलांपर्यंत पोहोचतो' असं लिहायला बरं वाटतं. पण ते खरं नसतं. तो खर्च होतच असतो. कोणाच्या तरी पेन्शनमधून, कोणाच्या तरी सुनेच्या न मोजलेल्या श्रमातून. आणि अनुभवी वाचणारा विचारतोच: दोन लाखांची पुस्तकं आली, ती ठेवणार कुठे? पावसाळ्यात बुरशी आणि वाळवीपासून वाचवणार कोण? मुलांच्या हातात देणार कोण?

आम्ही पुन्हा मांडणी केली तेव्हा खरं चित्र असं निघालं. पुस्तकं आणि लोखंडी कपाटं मिळून ८०,०००. रोज संध्याकाळी दोन तास बसणाऱ्या मदतनीस ताईंचं मानधन महिना ६,०००, म्हणजे वर्षाचे ७२,०००. वीज, साफसफाई, इंटरनेट १८,०००. हिशेब आणि लेखापरीक्षण २०,०००. पुस्तकं आणण्याचा, वाळपई-पणजी फेऱ्यांचा खर्च १०,०००. बेरीज तीच, दोन लाख. पण हा अर्ज एक चालतं वाचनालय दाखवतो. आधीचा फक्त पुस्तकांचा ढीग दाखवत होता.

'सीएसआरमध्ये पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही ना?' हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलं आहे. ती मर्यादा कंपनीने आपल्या एकूण सीएसआर खर्चात स्वतःच्या सीएसआर कारभारावर किती खर्च धरावा याची आहे. एखादा प्रकल्प आखायला, राबवायला, त्यावर देखरेख ठेवायला थेट येणारा खर्च त्यात मोडत नाही. मदतनीस ताई हाच तर आमचा प्रकल्प. त्यांच्याशिवाय कपाटाला कुलूप. परदेशी पैशावर मात्र प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा संस्थेवरच आहे, ती वेगळी. दोन्हींची गल्लत करून आपण स्वतःच आपला बांध कापतो.

## म्हणजे मुलं सोडून कागदच सांभाळायचे?

ही तक्रार मला मनापासून पटते. दोन लाखांसाठी तेवढाच लांबलचक अर्ज भरून घेतला जातो जेवढा दोन कोटींसाठी. तो भरायला रात्री जागणारी माणसं दिवसा आपली नोकरी करतात. देणाऱ्यांनी लहान रकमेला लहान अर्ज ठेवावा, मराठीत आणि कोकणीत लिहिलेला स्वीकारावा, आणि नकार देताना एक ओळ कारणाची लिहावी. आमच्या पत्रात 'आमचा भर आरोग्यावर आहे' एवढं असतं तरी आमचे सहा महिने वाचले असते.

ओळखीशिवाय मिळत नाही, असंही म्हणतात. अर्धं खरं आहे. लहान कौटुंबिक ट्रस्ट जाहिरात देत नाहीत, छापील अर्जही ठेवत नाहीत. कोणी सांगितलं तर कळतं. पण ओळख करून घेता येते. अर्ज पाठवण्याआधी फोन करून विचारावं: आमचा विषय तुमच्यात बसतो का, साधारण किती रक्कम देता, पगाराला देता का? या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी नीट मिळतात. आणि त्यांना एकदा संध्याकाळी बोलवावं, मुलं बसलेली असताना.

## पैसे आल्यावर

ग्रँट हा करार आहे. पुस्तकांसाठी आलेले पैसे पत्रे गळतात म्हणून छपरावर घातले तर तो करार मोडला, मग छप्पर कितीही गळत असो. गरज बदलली तर आधी पत्र लिहून विचारा. देणारे बहुधा मान्य करतात. न विचारता केलेला बदल उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागले असं सीएच्या सहीने द्यायच्या कागदात, उघडा पडतो.

हप्ते उशिरा येतात हेही धरून चाला. शाळा आधीच सुरू झालेली असते, पहिला हप्ता गणपतीनंतर येतो आणि मदतनीस ताईंना पगार मात्र दर महिन्याला लागतो. आपल्या आया पाऊस लागण्याआधी पुरुमेंत भरून ठेवत: सुकी मासळी, सोलां, मिरची, तांदूळ. संस्थेच्या खात्यातही तीन महिन्यांच्या खर्चाचं पुरुमेंत असावं. ते वर्गणीतूनच जमतं. ग्रँटमधून क्वचितच कोणी त्यासाठी देतं.

गेल्या महिन्यात आम्ही जुना अर्ज पुन्हा काढला. या वेळी ग्रंथालयांना मदत करणारा, आमच्याच जिल्ह्यातला एक लहान ट्रस्ट शोधला, आधी फोन केला. गुरुजी अंदाजपत्रक वाचत होते. 'लेखापरीक्षण, २०,०००' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे खरंच लिहायचं, ताई? काय म्हणतील ते?"

लिहिलं. त्याखाली मदतनीस ताईंचं मानधनही लिहिलं, बारा महिन्यांचं.